माऊंटखालची दोन बोटं

इनास घेऊन आला ते चित्र
गोणपाटात गुंडाळून, सायकलच्या कॅरिअरवर.
डाकबंगल्याच्या जेवणघरातलं.
काच तडकलेली, पाठीवर वाळवीची वाट,
कोपऱ्यात कुठल्याशा साहेबाच्या सिगारेटचा डाग.
"तेवढीच फ्रेम कर," म्हणाला, "भिंतीर खिळो तोच आसा."

माझ्याकडे देव येतात आणि मेलेली माणसं.
देवांना सोनेरी पट्टी, माणसांना काळी.
वेंगुर्ल्याच्या बाजारात तीस वर्षं हेच.
निसर्ग कोणी आणत नाही,
तो दाराबाहेर फुकट आहे.

हे विलायतेतलं, छापील.
मागच्या चिठ्ठीवरची शाई उडालेली:
अठराशे बावन्न, की सत्तावन्न,
आणि एका नदीचं नाव, जे मला लागलं नाही.
नदीचं मुख. गाळ. गाळात कलंडलेली होडी.
पलीकडे बुटकी गवताळ जमीन, चर्चचं टोक सुईएवढं.
बाकी आभाळ.
चारांतले तीन भाग नुसतं आभाळ!
मला आधी हसूच आलं,
आमच्याकडे गिऱ्हाईक चेहऱ्याचे पैसे मोजतं.

पण फळ्या लावायची वेळ झाली
तरी मी त्या ढगांपाशीच होतो.
खालून सुरमईच्या पाठीसारखे, वरून लोणी,
एकही ढग शेजारच्याला चिकटवलेला नाही.
वारा कुठे काढलेला नाही,
तरी होडीची दोरी कुणीकडे ओढ घेतेय ते कळतं.
आणि गाळ तर मी ओळखलाच.
मांडवीच्या खाडीतला हा गाळ,
पाणी निघून गेल्यावरही थोडा वेळ
आभाळ धरून ठेवणारा.

सकाळी माऊंट सोडवला.
मागे शिक्का आमच्याच दुकानाचा, बाबांच्या वेळचा.
खालून दोन बोटं चित्र त्यांनी झाकलं होतं.
पट्टी कमी पडली असेल.
पट्टी महाग होती तेव्हा, आणि बाबा हिशेबी.

वरचं सगळं चित्र चहाच्या रंगावर गेलेलं,
ही दोन बोटं मात्र
कालच कोणी ब्रश धुतल्यासारखी:
ओलं शेवाळ, एक फुटका खांब,
आणि वाकलेली एक बाई, टोपली घेऊन,
डोक्याला लाल फडकं.
फडकं कसलं, तांदळाच्या कणीएवढा लाल ठिपका.
मी त्यावर अंगठा ठेवला,
होडी, गवत, ढग, सगळं विझलं.
अंगठा उचलला, पेटलं.
पाच-सहा वेळा केलं असेन, शाळेतल्या पोरासारखं.

सुभद्रा केळुसकरीण पायरीवर बसली होती,
तिसऱ्यांची रिकामी पाटी घेऊन.
तिला दाखवलं.
मला वाटलं, टोपली बघेल, बाई बघेल.
तिने पाणी बघितलं. बराच वेळ.
"ही सुकती न्हय रे. पाणी चढता हा.
त्या बायेक कोणीतरी साद घालूक व्होयी."

कशावरून, विचारलं.
होडीच्या बुडाशी पांढरी रेघ होती, केसाएवढी.
मी रात्रभर बघितलं होतं तिच्याकडे
आणि छपाईचा दोष समजलो होतो.
त्या चित्रकाराने तिथे बसून,
बूट गाळात, बोटं गारठलेली,
ती रेघ ओढली असणार घाईघाईने,
कारण पाणी त्याच्याही दिशेने येत होतं.
आणि बाबांनी कापला तो माऊंट,
त्यातली बाई त्यांनी पाहिली होती की नाही,
आता कोणाला विचारू?

फ्रेम दोन बोटं मोठी केली.
इनास कुरकुरला, खिळा वर ठोकायला लागेल म्हणून.
वरच्या पट्टीचे पैसे मी लावले नाहीत.

सुभद्रा तेव्हाच उठली होती.
"आज सातम. अकराक सुकती," म्हणत
पाटी कमरेला लावून खाडीकडे उतरली.
मी पुलापर्यंत गेलो, उगाच.
तिच्या अंगावर लाल काहीच नव्हतं.
पिस्ता रंगाचं लुगडं, गाळात तीन पावलांवर दिसेनासं होणारं.
मी तरी शोधत राहिलो.